मदत हवी आहे: मोठ्या कॉलेजात अ‍ॅनालिस्ट की छोट्या कॉलेजात पोझिशन कोच?

भाचा अमेरिकेत कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात ग्रॅज्युएट असिस्टंट आहे, म्हणजे मास्टर्स करता करता कोचना मदत करणारा. दोन वर्षं पहाटे पाचला व्हिडिओ कापणं आणि प्रतिस्पर्ध्याच्या चालींची कार्डं मार्करने काढणं, हेच काम. डिसेंबरात हेड कोचला काढलं, नवा माणूस स्वतःची फौज घेऊन आला. मे महिन्यात मास्टर्स संपेल.

जानेवारीतल्या कोचेस कन्व्हेन्शनला जाऊन आला, ओळखीच्या सगळ्यांना फोन झाले. हातात दोनच पर्याय: डिव्हिजन वनच्या वरच्या गटात, एफबीएसमध्ये, क्वालिटी कंट्रोल अ‍ॅनालिस्ट (पडद्यामागे व्हिडिओ आणि चालींचा अभ्यास करणारा), किंवा छोट्या कॉलेजांच्या डिव्हिजन थ्रीमध्ये रिसीव्हर्स कोच, म्हणजे पास झेलणाऱ्या खेळाडूंचा पोझिशन कोच. पगार दोन्हीकडे सारखाच, म्हणजे बेताचा. जन्म अमेरिकेतलाच, व्हिसाचा प्रश्न नाही. शाळेत कोचिंग करायचं नाही, हेही आधीच सांगते!

जून 2024 पासून एफबीएसमध्ये अ‍ॅनालिस्टलाही मैदानावर शिकवायची मुभा आहे. पण कागदावरची मुभा वेगळी, असं मला वाटतं.

आत काम केलेल्यांनी सांगा: अ‍ॅनालिस्टला खरंच खेळाडू हाताळायला मिळतात का? आणि पुढे एफबीएसमध्ये पोझिशन कोच व्हायचं तर भरती करताना कशाला जास्त वजन देतात, स्वतः सांभाळलेल्या रिसीव्हर्सना की मोठ्या कॉलेजच्या नावाला?