वडील न घडलेले सांगतात तेव्हा उत्तर काय द्यावे?

प्रश्न
माझे ८१ वर्षांचे वडील रेल्वेतून निवृत्त झाले असून, स्मृतिभ्रंशामुळे गेल्या दिवाळीपासून वडोदऱ्यातील एका वृद्धाश्रमात राहतात. रविवारी भेटायला गेले आणि सकाळी काय केलेत असे विचारले, की प्रतापनगर स्टेशनला ड्यूटी करून आलो, डभोईची गाडी वेळेवर सोडली, असे ते अगदी खात्रीने सांगतात. तेथील सेविका ‘दादा, खोटे बोलू नका’ म्हणते आणि ते एकदम गप्प होतात. होकार दिला तर मलाच त्यांना फसवल्यासारखे वाटते. परवा तर ‘रात्री जेवणच दिले नाही’ म्हणाले. यावर किती विश्वास ठेवावा?

उत्तर १ (वृद्धसेवेतील परिचारिका)
ताई, खोटे बोलणाऱ्याला खरे काय ते ठाऊक असते; आपल्या वडिलांना ते ठाऊक नाही. सकाळची आठवण साठलेलीच नसते, म्हणून मेंदू ती जागा जुन्या आठवणींनी भरतो आणि तेच त्यांना खरे वाटते. यालाच कॉन्फॅब्युलेशन म्हणतात. बरेचदा ते आपल्या प्रश्नातूनच सुरू होते. ‘सकाळी काय केलेत?’ ही त्यांच्यासाठी परीक्षाच असते, म्हणून ती घेऊ नका. ‘गाडी वेळेवर सुटावी म्हणून फार जपावे लागत असेल ना?’ असे म्हणण्यात फसवणूक नाही, कारण ती नोकरी त्यांनी खरोखरच केली आहे. सेविकेलाही हे शांतपणे समजावून सांगा.

उत्तर २
माझी आई ‘हे अजून आले नाहीत’ म्हणायची. बाबा गेल्याचे मी प्रत्येक वेळी सांगत असे, आणि तिला ते दुःख प्रत्येक वेळी नव्याने भोगावे लागे. याची मला आजही खंत वाटते. पुढे मी ‘त्यांची आठवण येते ना?’ एवढेच विचारू लागलो. मग तीच त्यांच्याबद्दल बोलत बसे.

उत्तर ३ (परिचारिका)
जेवणाचे राहून गेले. स्मृतिभ्रंश आहे म्हणून उपासमार, मारहाण किंवा पैसे गेल्याची तक्रार कधीही कल्पना समजून सोडू नका. जेवणाची आणि वजनाची नोंद मागा, अंगावर वळ आहेत का पाहा, एखाद्या दिवशी न कळवता जेवणाच्या वेळी जा. न घडलेले सांगणे एक-दोन दिवसांत अचानक वाढले किंवा गुंगी आली, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. लघवीतील जंतुसंसर्ग, शरीरातील पाणी कमी होणे किंवा नवे औषध हेही त्याचे कारण असू शकते.

प्रश्नकर्ती
उद्याच जेवणाच्या वेळी जाते आणि वजनाची वही पाहते.