तीन दिवसांच्या मेलबर्नमध्ये ग्रेट ओशन रोड कोंबू नका

यारावासी

गेल्या आठवड्यात या मंचावर ‘तीन दिवसांत संपूर्ण मेलबर्न’ असा एक बेत टाकला गेला आणि खाली ‘मस्त’, ‘जपून ठेवलंय’ अशी रांग लागली. बेत असा: पहिल्या दिवशी पहाटे विमानातून उतरून थेट ग्रेट ओशन रोड. दुसऱ्या दिवशी सकाळी पफिंग बिली ही वाफेची छोटी आगगाडी, संध्याकाळी फिलिप आयलंडचे पेंग्विन. तिसऱ्या दिवशी ‘शहर’, तेही दुपारी चारपर्यंत, कारण रात्री परतीचं विमान.

हा बेत वाचून लोक तिकिटं काढतील, म्हणून सविस्तर लिहितो. ग्रेट ओशन रोड टॉर्कीला सुरू होतो आणि वॉर्नमबूलच्या अलीकडे ॲलन्सफर्डला संपतो. ट्वेल्व्ह अपॉसल्स, म्हणजे समुद्रात उभे असलेले खडकाचे सुळके, आहेत पार पलीकडच्या टोकाकडे. शहरातून किनाऱ्याकिनाऱ्याने तिथपर्यंत पावणेतीनशे किमी. कड्याच्या पोटात खोदलेला वळणांचा रस्ता, त्यामुळे न थांबताही साडेचार तास. परतताना आतून, कोलॅकवरून, आणखी तीन. झाले साडेसात तास नुसते बसून. त्यात मेमोरियल आर्च, लॉर्न, केनेट रिव्हरचे कोआला, अपोलो बेला जेवण आणि लॉक आर्ड गॉर्ज धरा, दिवस बारा-तेरा तासांचा होतो. ज्यासाठी गेलात त्या अपॉसल्सपाशी मिळतो पाऊण-एक तास, आणि तोही दुपारी, सगळ्या टूर बस एकदम पोचतात तेव्हा.

हे डिसेंबरात निदान उजेडात तरी होतं, कारण सूर्य साडेआठनंतर मावळतो. जूनमध्ये उजाडायलाच साडेसात होतात आणि पाच वाजून गेले की अंधार. मे-जूनच्या शाळेच्या सुट्टीत येणाऱ्यांनी हे आधी बघावं.

माझं म्हणणं सरळ आहे. तीन दिवस असतील तर दोन शहराला द्या आणि एकच बाहेर, तोही रेल्वेने जमेल असा.

कोकणी_कांगारू

पूर्ण असहमत. इथे राहणाऱ्यांना शहराचं कौतुक, कारण अपॉसल्स त्यांना कुठल्याही लाँग वीकेंडला बघता येतात. नाशिक-कोल्हापूरहून येणारा माणूस आयुष्यात एकदा येतो, चौघांच्या तिकिटांना काही लाख मोजतो. त्याला ग्रंथालयाचा घुमट बघून परत पाठवायचं?

आणि हा रस्ता म्हणजे नुसता ‘व्ह्यू’ नाही. पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांनी १९१९ ते १९३२ या काळात कुदळ-फावड्याने तो खोदला, मेलेल्या सोबत्यांचं स्मारक म्हणून. एवढं मोठं युद्धस्मारक कुठल्या शहरात बघायला मिळणार?

वेळेचा हिशेब तुम्ही मुद्दाम वाईट बाजूने मांडलात. उलटं जा. सकाळी सहाला शहर सोडा, जीलाँग, कोलॅक असं आतून, नऊच्या सुमाराला अपॉसल्स. बस आलेल्या नसतात. गिब्सन स्टेप्सच्या ८६ पायऱ्या उघड्या असल्या तर उतरून वाळूवर जा, मग लॉक आर्ड गॉर्ज, मग पोर्ट कॅम्पबेलला खाणं. साडेअकराला किनाऱ्याने परत निघा, रमतगमत संध्याकाळी सातला घरी. तुमचे तेरा तास तेवढेच राहतात, पण गर्दी टळते.

यारावासी

उलटं जाण्यातली मेख तुम्ही सांगितली नाहीत. गाडी डावीकडून चालते. टॉर्कीकडून पश्चिमेला जाताना समुद्र डाव्या हाताला असतो, आणि थांबायच्या बहुतेक जागाही त्याच बाजूला. उलट येताना तुम्ही डोंगराच्या बाजूला. प्रत्येक ठिकाणी समोरची वाहतूक छेदून उजवीकडे वळायचं आणि निघताना पुन्हा तेच. जानेवारीत तसं वळायला मिनिटामिनिटाने वाट बघावी लागते. समुद्रही समोरच्या गाड्यांच्या पलीकडून दिसतो.

कोकणी_कांगारू

ठीक, थांबे दहाऐवजी चार होतील. चार पुरतात.

ट्रॅमप्रेमी

दोघेही मोठमोठ्या गोष्टींवर भांडताय. त्या मूळ बेतातली खरी घोडचूक तिसऱ्या दिवसात आहे: ‘शहरात ट्रॅम फुकट असल्याने कार्ड घ्यायची गरज नाही.’ हे वाक्य वाचून किती जण दंड भरतील!

फुकट आहे तो मधला पट्टा, २०१५ पासून. त्यात फ्लिंडर्स स्ट्रीट, डॉकलंड्स आणि क्वीन व्हिक्टोरिया मार्केट येतात. समुद्रकाठचं सेंट किल्डा येत नाही. ९६ नंबरची ट्रॅम पट्ट्यातून निघून थेट सेंट किल्डाला जाते. पाहुणे गप्पा मारत बसून राहतात आणि हद्द कधी गेली ते कळत नाही. घोषणा होते, पण गर्दीत ऐकू येत नाही. तपासनीस गणवेशातच असतील असंही नाही.

उलटी चूकही तितकीच होते. फुकट पट्ट्यात चढून पट्ट्यातच उतरायचं असेल तर मायकी, म्हणजे इथलं प्रवासभाड्याचं कार्ड, यंत्राला टेकवू नका. टेकवलं की दोन तासांचं भाडं कापलं जातं. बाहेर जायचं असेल तरच टेकवा. उतरताना ट्रॅममध्ये पुन्हा टेकवायची गरज नाही, रेल्वेत मात्र आहे. आणि ट्रॅमच्या आत कार्ड मिळत नाही, पैसेही भरता येत नाहीत. स्टेशनवरच्या यंत्रातून किंवा सेव्हन-इलेव्हनमधून आधीच भरून ठेवा, माणशी एक कार्ड.

दोन तासही नुसते दोन तास नसतात. मोजणी पुढच्या पूर्ण तासापासून होते. १०:१० ला टेकवलं तर १ वाजेपर्यंत चालतं. संध्याकाळी सहानंतर टेकवलं तर रात्रभर, पहाटे तीनपर्यंत. म्हणून सेंट किल्डाचा सूर्यास्त सहानंतर निघून केला तर जाणं-येणं एका भाड्यात होतं.

स्वाती_म

ट्रॅमप्रेमी, उपयुक्त. त्यात भर: क्वीन व्हिक्टोरिया मार्केट सोमवारी आणि बुधवारी बंद असतं, बाकीच्या दिवशीही दुपारी तीन-चारला आवरतं. त्या बेतात ते ‘चारनंतर खरेदी’ म्हणून टाकलंय. दुकानदार फळ्या झाडत असताना काय खरेदी करणार?

आणि विमानतळावर रेल्वे नाही हे कुणीच सांगत नाही. विमानतळाची स्कायबस शहरातल्या सदर्न क्रॉस स्टेशनला सोडते, पण तिचं तिकीट वेगळं, मायकी चालत नाही. स्वस्तातला मार्ग म्हणजे ९०१ नंबरची बस पकडून ब्रॉडमेडोज, तिथून शहराची रेल्वे. मायकी चालते, वेळ जास्त लागतो. दोन मोठ्या बॅगा आणि म्हातारी माणसं असतील तर हा मार्ग नको. चौघं असाल तर टॅक्सी आणि स्कायबस यांच्या खर्चात फार फरक राहत नाही.

सिडनीहून स्वस्त तिकीट बघून येणाऱ्यांनी कोणता विमानतळ ते नीट वाचा. ॲव्हलॉन जीलाँगच्या वाटेवर आहे, शहरापासून पन्नासहून जास्त किमी.

गिअरबॉक्स

एवढी कार्डं आणि बस कशाला? गाडी भाड्याने घ्या, संपला विषय. आपल्यासारखंच डावीकडून चालवायचं, उजवीकडे स्टिअरिंग. महाराष्ट्राचा परवाना इंग्रजीत छापलेला असतो, तो इथे पाहुण्यांना चालतो. तरी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढून आणा, काही कंपन्या काउंटरवर मागतात.

स्वाती_म

हा सल्ला तीन दिवसांच्या पाहुण्याला अजिबात देऊ नका. शहरात गाडी म्हणजे नुसता मनस्ताप. हॉटेलचं पार्किंग वेगळं, रस्त्यावर तासा-दोन तासांची मर्यादा, आणि शहराच्या मध्यात हुक टर्न. उजवीकडे वळायचं तर डाव्या कडेला जावं लागतं, हे पहिल्याच दिवशी, रात्रभर विमानात जागलेल्या माणसाने करायचं?

गिअरबॉक्स

हुक टर्नचा उगाच बाऊ केलाय. ‘राइट टर्न फ्रॉम लेफ्ट ओन्ली’ अशी पाटी टांगलेली असते. डावी लेन धरा, उजवा इंडिकेटर द्या, हिरवा असताना चौकात पुढे जाऊन डाव्या कडेला थांबा, झेब्रा आणि रूळ मोकळे ठेवून. ज्या रस्त्यावर जायचंय त्याचा सिग्नल हिरवा झाला की वळा. ट्रॅमला रस्ता मोकळा राहावा म्हणून ही सोय आहे. गोंधळलात तर सरळ जा आणि पुढे तीनदा डावीकडे वळा.

ट्रॅमप्रेमी

थांबलेल्या ट्रॅमचं विसरलात. जिथे ट्रॅमसाठी वेगळा फलाट नाही तिथे लोक दारातून थेट रस्त्यावर उतरतात. दार उघडं असेल तर ट्रॅमच्या मागच्या टोकाच्या मागे थांबणं सक्तीचं आहे. दारं बंद झाल्यावर, कुणी ओलांडत नसेल तरच पुढे, तेही १० च्या वेगाने. भारतातून आलेले चालक हीच चूक करतात, आणि यात माणूस मरू शकतो.

गिअरबॉक्स

मान्य. पण म्हणून गाडीच नको, हे कुठलं तर्कशास्त्र? नियम वाचून यायला एक तास लागतो.

स्वाती_म

नियम वाचून टोल भरला जात नाही. विमानतळावरून शहरात येणारा टुलामरीन फ्रीवे शहराजवळ सिटीलिंक या टोलरस्त्याचा भाग होतो, टोलनाका नाही, रोख नाही. पास घेतला नाही तर नोटीस भाड्याच्या कंपनीकडे जाते आणि ती वर स्वतःचं शुल्क लावते. वेगाचंही तेच. मर्यादेच्या पाच-सहा वर गेलात तरी कॅमेरा पकडतो, फोन हातात धरला तर त्याचेही कॅमेरे आहेत. पाहुणा परत गेल्यावर क्रेडिट कार्डातून पैसे कापले जातात आणि ज्यांनी ‘गाडी घ्या, संपला विषय’ म्हटलं ते इथे पुढचा सल्ला देत असतात.

गिअरबॉक्स

व्यक्तिगत होऊ नका. टोलचा पास ऑनलाइन काढता येतो, काही दिवसांची मुदत असते, भाड्याच्या गाडीचा नंबर टाकायचा. काउंटरवर आधी विचारायचं की गाडीत टॅग आहे का. आणि ग्रेट ओशन रोडला जाताना वेस्ट गेट पुलावरून गेलात तर टोल लागतच नाही.

कोकणी_कांगारू

धन्यवाद, कुणीतरी मूळ विषयावर आलं.

यारावासी

मूळ विषयावर यायचंच तर गाडीचा सगळ्यात मोठा धोका कुणीच सांगितला नाही. परतीचा आतला रस्ता १०० च्या वेगाचा, दिवे नाहीत, आणि तिन्हीसांजेला कांगारू, वॉलबी, वॉम्बॅट रस्त्यावर येतात. कांगारू दिव्यांना बिचकून नेमका गाडीसमोर उडी मारतो. वाचवायला स्टिअरिंग फिरवलं तर गाडी झाडावर, म्हणून सरळ रेषेत ब्रेक दाबायचा. बारा तासांच्या थकव्यानंतर हे सुचतं का? काही विमा करारांत प्राण्याची धडक किंवा एकट्या गाडीचा अपघात वगळलेला असतो. सही करण्याआधी वाचा.

म्हणून म्हणतो, बाहेरचा दिवस रेल्वेने करा. मार्च २०२३ पासून व्हिक्टोरियातल्या प्रादेशिक गाड्यांचं दिवसाचं भाडं मेलबर्नच्या दिवसाच्या कमाल भाड्याइतकंच आहे, आणि शनिवार-रविवारी ती मर्यादा आणखी कमी. सदर्न क्रॉसहून बॅलरॅट दीड तासाच्या आत-बाहेर, मायकी चालते, आरक्षण नाही. सॉव्हरिन हिलला सोन्याच्या खाणींचं गाव उभं केलंय, मुलं ओढ्यात सोनं चाळत बसतात, आणि खाणकामगारांच्या १८५४ च्या युरेका बंडाची जागा त्याच गावात आहे. रुळांची कामं चालू असली की बदली बस लावतात, तेवढं आदल्या दिवशी बघा.

लहान मुलं असतील तर पफिंग बिली. फ्लिंडर्स स्ट्रीटहून बेलग्रेव्ह सत्तरेक मिनिटं, तिथून निळी रेघ धरून चालत गेलं की छोट्या गाडीचं स्टेशन. जागा आधी आरक्षित करा. पण त्याच दिवशी पेंग्विन जोडू नका. पेंग्विन सूर्यास्तानंतर बाहेर येतात. उन्हाळ्यात ते बघून शहरात परतेपर्यंत मध्यरात्र होते, पोरं बसमध्ये झोपलेली. फोटो काढायला बंदी आहे, तेही जाणाऱ्यांना आधी माहीत असावं.

कोकणी_कांगारू

बॅलरॅट चांगलंच आहे. पण अपॉसल्सच्या जागी बॅलरॅट? समुद्र ते खडक रोज खातोय. २००५ मध्ये एक सुळका लोकांच्या डोळ्यांदेखत ढासळला. त्याच किनाऱ्यावरच्या ‘लंडन ब्रिज’ नावाच्या खडकाची कमान १९९० मध्ये पडली. सॉव्हरिन हिल वीस वर्षांनीही असंच असेल.

यारावासी

हा मुद्दा खोडता येत नाही. मग त्यासाठी रात्र द्या. दोन दिवस बाहेर, मुक्काम अपोलो बे किंवा पोर्ट कॅम्पबेलला, पहिल्या दिवशी किनाऱ्याने जा, संध्याकाळी आणि सकाळी दोनदा अपॉसल्स, मग आतून परत. शहराला एकच दिवस उरेल, तो पूर्ण चालत: स्टेट लायब्ररी, गल्ल्या, फेडरेशन स्क्वेअर, नदीकाठाने एमसीजी क्रिकेट मैदान. एमसीजीची आतली सफर सामन्याच्या दिवशी नसते, तारीख बघा. हे मला पटतं. एका दिवसात जाऊन येणं पटत नाही.

कोकणी_कांगारू

मुक्काम जमला तर उत्तमच, ते मी कधी नाकारलं? ज्यांना नाही जमत त्यांनी टूर बसने जावं, गाडी चालवू नये, एवढं तुमचं मान्य करतो. पण जावं.

स्वाती_म

जानेवारी-फेब्रुवारीत जाणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी आगीचा इशारा बघा. वरच्या पातळीचा असेल तर उद्यानं बंद होतात आणि झाडीतून जाणाऱ्या वाटेवर जाऊच नये. आगगाडीवाल्यांसाठी: संपूर्ण अग्निबंदीच्या दिवशी पफिंग बिलीला वाफेचं इंजिन लावत नाहीत, डिझेलचं असतं.

आणि पेढे, बर्फी आणू नका. दुधाची मिठाई विमानतळावर काढून घेतात. बाकी जे काही खाण्याचं आणाल ते देशात शिरताना भरायच्या कार्डावर ‘हो’ म्हणून लिहा. लिहिलं तर फार तर वस्तू जाते, लपवलं तर दंड.

गिअरबॉक्स

चकली चालते का?

स्वाती_म

तळलेली, बंद पाकिटातली, घटक छापलेली असेल तर सहसा चालते. तरी लिहाच.