मदत हवी आहे: नागपुरात भाड्याच्या खोलीत वीज, पाणी आणि कचरा खरंच कमी कसा करायचा?

वणीची_पोट्टी

नमस्कार मंडळी.

आम्ही तिघी प्रतापनगरजवळ भाड्यानं राहतो. दोन खोल्या, डोक्यावर थेट गच्ची, खाली घरमालक काका-काकू. कॉलेज हिंगणा रोडला, लोकमान्यनगरच्याही पुढे. होळी तोंडावर आली, म्हणजे कूलर काढायचे दिवस आले, आणि त्यावरूनच खोलीत वाद पेटला आहे.

या सत्रात आम्हाला पर्यावरणाचा विषय आहे. सरांनी विद्यार्थ्यांच्या रोजच्या राहणीवर पोस्टर करायला सांगितलं. शोधायला बसले तर सगळीकडे तेच ते. बांबूचा ब्रश घ्या, स्टीलची स्ट्रॉ घ्या, झाडं लावा. बर्डीवर उसाचा रस पिताना आमच्यापैकी कोणी स्ट्रॉ मागितल्याचं आठवत नाही, आणि झाड लावायला जमीन घरमालकाची. शिवाय यादीतली निम्मी कामं म्हणजे नुसती खरेदी. खोलीत तीन बाटल्या धडधाकट असताना स्टीलची चौथी आणून काय वाचणार?

पोस्टर कसंही होईल. पण मी वणीची आहे. आमच्याकडे कोळशाच्या खाणी. ट्रकच्या रस्त्याला लागून घर असेल तर सकाळी पुसलेली ओसरी दुपारी काळी. 'वीज वाचवा' असं कुठं वाचलं की मला आधी ते ट्रकच आठवतात. म्हणून खरोखर फरक पडेल असं काहीतरी करायचं आहे.

आता आमची परिस्थिती सांगते. लाईटबिल भाड्यातच धरलेलं आहे, ठरावीक रक्कम. त्यामुळे पंखा बंद केला काय नि चालू ठेवला काय, सगळं सारखंच. काका म्हणतात, थोडं भाडं वाढवून द्या, एसी बसवून देतो. अकोल्याची मैत्रीण एसीच्या बाजूनं. तिचं म्हणणं, कूलर रोज बादल्याच्या बादल्या पाणी पितो, मग तो पर्यावरणाचा कसा? मला उत्तर देता आलं नाही. तुम्ही द्या.

दुसरं, मेसचा डबा. डबा स्टीलचा, पण वरण आणि रस्सा प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून. दिवसाला दोन वेळा, तिघींच्या मिळून किती पिशव्या होतात बघा. तिसरं, कचरागाडी नेमकी आम्ही कॉलेजात असताना येते. पिशवी गेटला अडकवून गेलो की गाई फाडतात आणि काकूंचं बोलणं आम्ही खातो. चौथं, दोघींकडे स्कूटी आहे, तिसरी कोणाच्या तरी मागे बसते. पाचवं, आरओमधून पाणी भरताना जेवढं पिण्याचं मिळतं त्याहून जास्त मोरीत जातं, ते बघवत नाही.

पैसे जवळपास नाहीत. भिंतीला खिळा ठोकायलाही परवानगी लागते. एवढ्यात काय बसतं ते सांगा. कृपया यादी देऊ नका, यादी आहे माझ्याकडे.


निवृत्त_वायरमन

बेटा, प्रश्न चांगला विचारला. कूलरचं मी सांगतो, बाकीचं बाकीचे सांगतील.

दीड टनाचा एसी आपल्या उन्हाळ्यात तासाला एक ते दीड युनिट खातो. रात्रीचे आठ तास धरले तर आठ ते बारा युनिट. कूलरचा पंखा आणि पंप मिळून २०० वॅटच्या आसपास, म्हणजे त्याच आठ तासांना दीड युनिटच्या थोडं वर. फरक कमीत कमी सहा युनिटांचा, सहज आठचा. कोळशाच्या विजेत एका युनिटमागे ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे तुमच्या एका खोलीसाठी एका रात्रीत पाच किलो कोळसा जास्त. तुझ्या वणीच्या ट्रकमधला.

आता मैत्रिणीचा पाण्याचा मुद्दा. तो चुकीचा नाही, अर्धवट आहे. कोळशावरच्या वीजकेंद्रालाही पाणी लागतं, युनिटमागे सुमारे तीन लिटर. राखेचं आणि थंड करण्याचं काम पाण्यावरच चालतं. आठ युनिट जास्त जाळले की तिकडे २४ लिटर गेलं. एसीवालाही पाणी पितोच, फक्त ते कोराडी-खापरखेड्याच्या वीजकेंद्रांत पितो म्हणून दिसत नाही. (तिथलं बरंचसं पाणी आता भांडेवाडीत शुद्ध केलेल्या सांडपाण्याचं असतं, ही आपल्या शहराची चांगली गोष्ट.)

शिवाय कूलरमधलं पाणी काम करून जातं. एक लिटर पाणी वाफ होताना जी उष्णता ओढून घेतं, ती विजेच्या भाषेत ०.६७ युनिट भरते. नागपूरचा उन्हाळा कोरडा आहे म्हणून हे जमतं. जुलैत हवा ओली झाली की तोच कूलर नुसता चिकचिकाट करतो, तेव्हा त्याला झाकून ठेवा आणि पंख्यावर राहा.

पण बहुतेक पोरं कूलर चुकीचा चालवतात. दारं-खिडक्या बंद करून बसतात. कूलरसमोरची खिडकी वीतभर उघडी पाहिजे, नाहीतर खोली दमट होते आणि मग 'कूलर काम करत नाही' म्हणून एसी येतो. ताट्या दरवर्षी बदला, क्षार साचलेलं गवत पाणी धरत नाही. कूलरवर ऊन येत असेल तर हिरवी नेट बांधा, हवा अडणार नाही अशी. पहाटे पंप बंद करून नुसता पंखा ठेवला तरी चालतं. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो. ते काढलेलं पाणी संडासात ओता.

लाईटबिल भाड्यात आहे तोवर कोणी बटण बंद करणार नाही, हे मात्र पक्कं. काकांना सांगा, सबमीटर लावा, आम्ही युनिटप्रमाणे देतो. महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटला टप्प्यानं चढतो. त्यांचं आणि तुमचं एकाच मीटरवर असेल तर तुमच्या कूलरमुळे त्यांचंही बिल वरच्या टप्प्यात जातं. हे त्यांच्या खिशाच्या भाषेत सांगितलं तर ते नाही म्हणणार नाहीत.


सायकल_पंचर

तुमच्याकडून सुभाषनगर मेट्रो स्टेशन जवळ आहे ना? तिथून ॲक्वा लाईन सरळ लोकमान्यनगर. पुढचा तुकडा शेअर ऑटोनं किंवा शहराची 'आपली बस' मिळाली तर तिनं. विद्यार्थ्यांच्या सवलतीचं स्टेशनवर विचारून घ्या. नागपूर मेट्रोत सायकल सोबत नेता येते, तेव्हा शेवटचा तुकडा सायकलनंही होतो. थंडीत मजा येते. मे महिन्यात दुपारी दोनला सायकल चालवा असं कोणी सांगितलं तर त्याला आधी वाडीपर्यंत चालवायला लावा.

स्कूटीबद्दल फार अपराधी वाटून घेऊ नका. एक लिटर पेट्रोलमागे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. गाडी ४५ चं ॲव्हरेज देत असेल तर किलोमीटरला ५० ग्रॅम. दोघी बसल्या की माणशी २५. तिघींच्या दोन गाड्या रोज निघण्यापेक्षा एक गाडी आणि एक मेट्रोवाली असं आळीपाळीनं केलं तरी बरंच झालं. आणि टायरमध्ये हवा भरत जा, त्यात पैसे पण वाचतात.


गोकुळपेठची_ताई

मी मेसवालीच्या बाजूनं बोलते, कारण माझ्या बहिणीची मेस आहे. पिशवी कोणाला आवडत नाही गं. रस्सा डब्यातून सांडतो, पोरं शिव्या देतात, म्हणून पिशवी. तुम्ही घट्ट झाकणाचे दोन-दोन छोटे डबे स्वतःचे द्या. एक तिच्याकडे, एक तुमच्याकडे, रोज अदलाबदल. डब्यावर नेलपेंटनं खूण करा, नाहीतर आठवड्यात हरवतील. आणि तिला 'पर्यावरण' सांगू नका, 'काकू, तुमच्या पिशव्यांचा खर्च वाचेल' असं सांगा. सगळे डबे एकदम नाही बदलणार, पण तुमचे तीन नक्की बदलतील.

कचऱ्याचं म्हणाल तर मेसचं खाणाऱ्या तिघींचा ओला कचरा असतो किती? चहाचा चोथा, फळांच्या साली, उरलेली पोळी. तेवढ्यासाठी कंपोस्टचं महागडं किट घेऊ नका. जुन्या बादलीला खाली भोकं पाडा, तळाला कडुनिंबाचा वाळका पाला, वर कचरा, पुन्हा पाला. आत्ता मार्चमध्ये पाला फुकट पडलेला आहे. आपल्या उन्हाळ्यात बादली कोरडी पडते, अधूनमधून पाणी शिंपडा. काकूंच्या कुंड्यांना खत द्या, मग गेटवरची बोलणी बंद होतील.

ओलं बाहेर पडलं नाही की गाई पिशवीकडे ढुंकून पाहत नाहीत. सुका कचरा वास मारत नाही, तो रविवारपर्यंत घरात राहू शकतो. दुधाच्या पिशव्या धुऊन, वाळवून, रद्दीसोबत कबाडीवाल्याला. पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा वेगळा काढू नका, तो चिमूटभर तुकडा कोणी उचलत नाही.

आणि एक, मुलींच्या खोलीत कोणी मोठ्यानं बोलत नाही म्हणून लिहिते. पॅड वर्तमानपत्रात गुंडाळून, वेगळ्या पुडीत, वर लाल खूण करून द्या. घनकचरा नियमांतही ते वेगळं गुंडाळून द्यायचं आहे. कचरा हातानं निवडणाऱ्या बायकांचा विचार करा. पाळीचा कप वापरायचा की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, कोणावर लादू नका.


टर्रेबाज_पोट्टा

मारबतीच्या दिवशी आपण सगळे ओरडतो ना, ईडा पीडा घेऊन जा गे मारबत? यंदा तुमच्या खोलीतून बडग्याचा पुतळा निघू द्या, गळ्यात रस्स्याच्या पिशव्यांची माळ. पोस्टर पण तेच, सरांना दाखवा, पूर्ण मार्क.

बाकी संत्र्याच्या सालीचं लिक्विड कोणी सांगितलं नाही अजून, आश्चर्य आहे बाप्पा. एक भाग गूळ, तीन भाग साली, दहा भाग पाणी, तीन महिने. प्लास्टिकच्याच बाटलीत करा आणि सुरुवातीला रोज झाकण सैल करा, गॅस होतो. फरशी पुसायला मस्त. जंतू मरतात वगैरे म्हणतात त्यावर जाऊ नका.


वणीची_पोट्टी

सगळ्यांचे आभार, विशेषतः वायरमन काकांचे. २४ लिटरचा हिशेब मैत्रिणीला वाचून दाखवला. ती गप्प झाली नाही, पण 'या वर्षी कूलर, पुढच्या वर्षी बघू' एवढ्यावर आली आहे. सबमीटरचं काका 'विचार करतो' म्हणाले. डबे आणायला शनिवारी इतवारीत जातोय.

आरओचं कोणी सांगा ना. ते पाणी कूलरला घातलं तर? आणि आमची खोली गच्चीखाली असल्यानं रात्री अकरालाही भिंती गरम असतात. चुना मारून फायदा होतो का? काका गच्चीवर जाऊ देतात.


निवृत्त_वायरमन

आरओचं टाकाऊ पाणी कूलरला नको, त्यात क्षार जास्त असतात, ताट्या लवकर दगड होतील. लादी पुसायला आणि संडासाला वापरा. पण आधी एक टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं) कोणाकडून तरी मागून नळाचं पाणी मोजा. ५०० च्या आत असेल तर आरओची गरजच नाही, साधा यूव्ही किंवा उकळलेलं पाणी चालतं. महानगरपालिकेचं पाणी पेंच-कन्हानचं, बोअरइतकं जड नसतं. बोअरचं असेल तर गोष्ट वेगळी, मग आरओ राहू द्या.

चुन्याचा फायदा होतो, आणि इतक्या कमी पैशात दुसऱ्या कशाचा होत नाही. पांढरी गच्ची ऊन परत फेकते, स्लॅब दिवसभर तापत नाही, म्हणून रात्री तुमच्या भिंतीही कमी तापलेल्या राहतात. चुना रात्रभर भिजवा, गाळून घ्या, थोडा फेविकॉल घाला म्हणजे पावडर सुटणार नाही. आधी गच्ची झाडून धुवा. पातळ दोन-तीन हात द्या, प्रत्येक हात वाळला की पाणी शिंपडा. पावसाळ्यात तो धुऊन जातो, दर मार्चमध्ये पुन्हा मारावा लागतो. हातमोजे घाला, डोळे सांभाळा, चुना डोळ्यात गेला तर खेळ नाही. आणि काम संध्याकाळी सुरू करा, भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर तो लगेच सुकून पापडी धरतो.