कामाच्या ठिकाणचं प्रथमोपचार प्रशिक्षण : शिकलेलं कधी हाताला आठवलं?

हिंगणा एमआयडीसीत फॅब्रिकेशनच्या कामात मला अठरा वर्षं झाली. पहिल्या नोकरीत एका हेल्परच्या पोटरीला पत्र्याची धार लागली. बूट रक्ताने भरला. भिंतीवर प्रथमोपचाराची पांढरी पेटी होती, पण तिला कुलूप. चावी सुपरवायझरच्या ड्रॉवरमध्ये आणि सुपरवायझर घरी जेवायला गेलेले. आम्ही दहा-बारा जण नुसते ओरडत होतो. एका म्हाताऱ्या वेल्डरकाकांनी डोक्याचा दुपट्टा सोडला, घडी केली आणि जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरला. दर मिनिटाला उचलून बघितलं नाही, दवाखान्यापर्यंत हात काढलाच नाही. नंतर विचारलं तर म्हणाले, बावीस वर्षांपूर्वी आधीच्या नोकरीत तीन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं.

१९४८ च्या कारखाने कायद्यातलं कलम ४५ मी त्यानंतर वाचलं; तो कायदा नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता. दर १५० कामगारांमागे किमान एक पेटी आणि ती सांभाळायला प्रमाणपत्र असलेला माणूस, जो कामाच्या पूर्ण वेळेत हाताशी असेल. म्हणजे कायद्यानेही नुसती पेटी मागितलेली नव्हती, सोबत माणूस मागितला होता.

तुमचे अनुभव लिहा. काय शिकलात, ते कधी कामी आलं, कधी ऐनवेळी आठवलं नाही. कंपनीचं नाव नको.

बुटीबोरी, प्रेस शॉप

रात्रपाळीत आमच्या एका पोट्ट्याचं बोट प्रेसमध्ये गेलं. पेराच्या वरचा तुकडा ट्रेमध्ये पडला. सगळे म्हणाले, बर्फात टाका. मी दोन महिन्यांआधीच कोर्स केला होता. तिथं मॅडमनी तीनदा बजावलं होतं की तुकडा थेट बर्फावर ठेवायचा नाही, गोठला तर तो जोडता येत नाही. एकानं त्याचा हात वर धरून जखम दाबून ठेवली. मी गॉज पाण्यात भिजवून पिळलं, तुकडा त्यात गुंडाळला, पिशवीत घालून तोंड गच्च बांधलं आणि ती पिशवी बर्फ-पाण्याच्या दुसऱ्या पिशवीत ठेवली. पिशव्या डब्याच्याच होत्या, एकीला लोणच्याचा वास येत होता म्हणून ती बाहेरून घेतली. बोट जोडलं गेलं. टोकाला संवेदना कमी आहे, पण कप धरतो तो.

वर्धा रोड, बांधकाम साइट

आमच्याकडचा खरा शत्रू ऊन आहे. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश तापमान नोंदलं गेलं होतं, तेव्हा मी साइटवरच होतो. ही गोष्ट त्यानंतरच्या एका नवतप्यातली, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांतली.

दुपारी अडीचला एक गवंडी बरळायला लागला. थापी हातात, पण भिंत सोडून दुसरीकडेच चालला. लोक म्हणाले, याने घेतली असेल. मला प्रशिक्षणातलं वाक्य आठवलं : उन्हात काम करणारा माणूस बरळायला लागला, तोल गेला, तर आधी उष्माघातच समजा. अंगाला हात लावला तर तव्यासारखं. कोणी तांब्या घेऊन पाणी पाजायला धावला, त्याला मी अडवलं. शुद्ध हरपत चाललेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं.

सावलीत निजवलं, शर्ट काढला, क्युरिंगचा, म्हणजे नव्या काँक्रीटवर पाणी मारायचा पाइप आणला. इथं एक चूक होता होता राहिली. पाइप सकाळपासून उन्हात पडलेला, पहिलं पाणी चटका देणारं निघालं. आधी बाजूला सोडलं, गार यायला लागल्यावर अंगावर धरलं. कॉलमला गुंडाळलेली ओली गोणपाटं काढून त्याच्यावर टाकली, ऑफिसमधला कूलर बाहेर ओढला, रसवंतीवाल्याकडून बर्फ आणून काखेत आणि जांघेत कापडात बांधून ठेवला. १०८ ला फोन एकानं आधीच लावला होता. गाडी येईपर्यंत पाणी थांबवलं नाही. डॉक्टर म्हणाले, तुम्ही गार केलं म्हणून मेंदू वाचला.

त्याच्या खिशात कांदा होता. आमच्याकडे सगळेच ठेवतात, मीही ठेवतो. पण आता साइटवर मे महिन्यात दुपारी बारा ते चार बाहेरचं काम बंद असतं, आणि त्यासाठी मी ठेकेदाराशी भांडलोय.

सीताबर्डी, ऑफिस

सहकारी मॅडमना फिट आली. एक जण चप्पल हुंगवायला निघाला, दुसरा दातांत चमचा घालायला. मी दोघांना बाजूला केलं, खुर्च्या सरकवल्या, डोक्याखाली स्वेटरची घडी ठेवली आणि घड्याळ बघत बसले. हातपाय धरले नाहीत. झटके थांबल्यावर कुशीवर वळवलं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालले तर ॲम्ब्युलन्स, असं शिकवलं होतं. इथं दीड मिनिटात थांबले. शुद्धीवर आल्यावर त्या पहिलं काय म्हणाल्या असतील? "सगळ्यांनी पाहिलं का?" म्हणून आता मी आधी लोकांना बाहेर काढते.

प्रशिक्षक म्हणून

वर्षाला बऱ्याच कंपन्यांत शिकवायला जाते. लोक फक्त स्लाइड बघायला तयार असतात, गुडघे टेकायला नाही. मी ताडपत्री अंथरते आणि प्रत्येकाला पुतळ्यासमोर बसवून सीपीआर, म्हणजे हृदय थांबलेल्या माणसाची छाती दाबणं, करायला लावते. छातीच्या मधोमध तळवा, कोपर सरळ, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. तीस दाब, दोन श्वास. श्वास द्यायला जमत नसेल तर नुसते दाब द्या, पण थांबू नका. पहिल्यांदा बहुतेक जण पुतळ्याला गोंजारतात. पुरेसा दाब पडला की आत 'टक' वाजतं, तो आवाज आला की चेहरा बदलतो. दोन मिनिटांत दंड भरून येतात, म्हणून माणूस बदलायलाही शिकवते.

बाई कोसळली तर पुरुष हात लावायला धजत नाहीत, आणि पुरुष कोसळला तर बाया मागे सरतात. यावर मी वेगळा अर्धा तास घेते. तिथं लाज मोडली नाही तर बाकीचं सगळं वाया जातं.

कळमेश्वर

आमच्याकडे पाऊण तास भाषण झालं, रजिस्टरवर सह्या घेतल्या, फोटो काढला. पट्टी कोणाच्याच हाताला लागली नाही. प्रमाणपत्र मात्र ऐंशी जणांना मिळालं. फार राग येतो.

कँटीनमधून

उकळता सांबार मावशींच्या मनगटावर सांडला. आधी बांगड्या काढल्या, सुजल्यावर निघत नाहीत. मग नळाखाली वीस मिनिटं. त्या म्हणत होत्या, "बाई, टूथपेस्ट लाव नं जी." नाही लावली. डाग राहिला नाही.

उमरेडहून, निवृत्त

खाणीत आमच्या प्रथमोपचाराच्या स्पर्धा व्हायच्या. त्रिकोणी पट्टीची झोळी मी अजून डोळे मिटून बांधतो. मोडलेला हात आहे त्या स्थितीत ठेवायचा, ओढून सरळ करायचा नाही. नातवाला शिकवली.

कामठी रोड, गोदाम

माझा अनुभव यशाचा नाही. आमचे हमालकाका पोतं खाली ठेवता ठेवता कोसळले. श्वास नव्हता, अधूनमधून नुसता घोरल्यासारखा आवाज. तो आवाज म्हणजे श्वास चालू आहे असं समजून मी दोन-तीन मिनिटं घालवली. कोर्समध्ये सांगितलं होतं की तो श्वास नसतो. नेमकं तेच आठवलं नाही. मग दाब सुरू केले, आम्ही तिघं आळीपाळीने, ॲम्ब्युलन्स येईपर्यंत. काका गेले. डॉक्टरांनी समजावलं की इतकं करूनही पुष्कळदा माणूस वाचत नाही. ती दोन-तीन मिनिटं माझ्या मनातून जात नाहीत. त्यानंतर दरवर्षी उजळणीला मी स्वतः नाव देतो. आमच्या प्रमाणपत्राची मुदत तीन वर्षांची आहे, तेवढं थांबवत नाही.

पुन्हा हिंगण्याहून

कामठी रोडवाले भाऊ, हे लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. तो घोरण्यासारखा आवाज मलाही माहीत नव्हता. आज चहाच्या सुटीत सगळ्यांना वाचून दाखवलं.

आमची पेटीही उघडून पाहिली. कुलूप नाही, पण आत एक कात्री, बँडेजच्या दोन गुंडाळ्या आणि रिकामं खोकं. सोमवारी भरतो. प्रमाणपत्र असलेली माणसं दोन, दोघंही सकाळपाळीत. रात्रपाळीतल्या चौघांची नावं मालकांना लिहून दिली आहेत.