नवीन गाणं सुचवताना नुसती लिंक पुरे का?

कृष्णाकाठ:
दर शुक्रवारी सांगली-मिरजेच्या आपल्या मंडळींत वीस-वीस लिंका येऊन पडतात. पॉप, हिपहॉप, जमैकाचं रेगे, सगळं एकाच पिशवीत. माझं म्हणणं असं की एकानं आठवड्याला तीनच गाणी सुचवावीत आणि प्रत्येकाखाली दोन ओळी लिहाव्यात: काय ऐकायचं आणि कशावर ऐकायचं. स्पॉटिफायवर गाणं ३० सेकंद वाजल्याशिवाय ते ऐकलं असं धरत नाहीत. २०२४ पासून तर वर्षभरात १००० वेळा न ऐकल्या गेलेल्या गाण्याला तिथं मानधनच मिळत नाही. वीस लिंका दिसल्या की माणूस दहा-दहा सेकंद चाळतो आणि पुढं जातो. ज्या नव्या पोराला हात द्यायचा, त्याच्या पदरात काहीच पडत नाही.

वखारभाग:
अजिबात पटत नाही. ॲप आपल्याला आपलंच ऐकलेलं परत परत वाढतं. त्यातून बाहेर पडायचं तर भरपूर चाळावंच लागतं, कान त्यानंच तयार होतो. पॉप गाण्याचा हूक, म्हणजे डोक्यात अडकणारी ओळ, पहिल्या अर्ध्या मिनिटात येतो. आवडला तर आवडला, नाही तर पुढचं. त्याला प्रस्तावना कशाला?

मिरजेची जवारी:
पॉपपुरतं ठीक आहे. रेगे मात्र असं चाळून कळत नाही, कारण त्यात चाल बेस, म्हणजे खालचा जाड सूर, सांगतो. सूर जितका खालचा तितका हर्ट्झचा आकडा लहान. बेस गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, आणि मोबाईलच्या बारक्या स्पीकरवर २०० हर्ट्झच्या खालचं जवळजवळ येतच नाही. उरतं ते गिटारचं चक्-चक्. मग लोक म्हणणार, एकसुरी आहे.

मिरजेत तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली दोरा सरकवून जवारी, म्हणजे तारेचा झंकार, लावतात. दोरा केसभर हलला तरी तार मुकी होते. रेगेच्या बेसकडं तेवढ्याच बारकाईनं कान द्यावा लागतो. इअरफोनची रबरी टोपी कानात घट्ट बसवा, फट राहिली की बेस गेलाच. आवाजाचे पट्टे कमीजास्त करणारा इक्वलायझर बंद करा. मग चार मोजा: गिटार २ आणि ४ वर, ड्रमचा जड ठोका ३ वर, १ रिकामी. याला वन ड्रॉप म्हणतात. आपल्या कानाला समेवर ठोका हवा असतो, म्हणून पहिल्यांदा जिन्याची एक पायरी चुकल्यासारखं वाटतं. तिसऱ्यांदा ऐकताना तीच रिकामी जागा गोड लागते. (सगळं रेगे असं नसतं, स्टेपर्स या रेगेच्याच प्रकारात चारही मात्रांवर ड्रमचा जड ठोका पडतो.)

वखारभाग:
भावा, गणपतीत डॉल्बी लावणाऱ्या गावाला बेस शिकवायचा? जमैकातही १९५० च्या दशकापासून साऊंड सिस्टिम, म्हणजे मोठ्या स्पीकरांचे संच, रस्त्यावरच वाजत आल्या. लोक गर्दीत उभे राहून नवीन रेकॉर्ड ऐकायचे, हातात कुणी टिपण देत नव्हतं.

मिरजेची जवारी:
टिपण नव्हतं, पण बेस नीट वाजवणारे मोठे स्पीकर होते, माझा मुद्दा तोच आहे. आपल्याकडं मिरवणुकीत बऱ्याचदा ५०-६० हर्ट्झचा एकच पट्टा फुगवतात. दणका बसतो, पण बेसचे एक-दोन स्वर अंगावर येतात आणि बाकीचे गायब. चाल तुटते. ब्लूटूथ स्पीकर भिंतीच्या कोपऱ्यात ठेवला तरी हेच होतं. हातभर पुढं ओढा, फरक लगेच कळेल.

राजवाडा चौक:
त्या दोन ओळींत गाण्याचा वेग, म्हणजे मिनिटाला किती ठोके, लिहिणार असाल तर एक सांभाळा. मोजणारं ॲप एकाच रेगे गाण्याला कधी ७५ दाखवतं, कधी १५०. ट्रॅप या हिपहॉपच्या प्रकाराचंही तेच, ७० की १४०. मान ज्या वेगानं डुलते तो आकडा लिहा.

कृष्णाकाठ:
हिपहॉपसाठी माझा आग्रह आणखी वेगळा आहे. बरेच नवे रॅपर बीट, म्हणजे शब्दांखालचं तयार संगीत, ऑनलाइन भाड्यानं घेतात, आणि स्वस्त परवान्यात तोच बीट दहा जणांना दिलेला असतो. म्हणून पहिल्या दहा सेकंदांत गाणं 'ऐकलेलं' वाटतं आणि आपण पुढं ढकलतो. नवेपण शब्दांत असतं: यमक ओळीच्या शेवटीच येतं की आतही, श्वास कुठं घेतलाय, 'लई', 'हाय', 'कुठनं' हे आपलं बोलणं ठेक्यात बसलंय की कोंबलंय. शिफारस करणाऱ्यानं दुसऱ्या कडव्याची वेळ लिहावी. पहिलं कडवं सगळेच घासूनपुसून आणतात, दुसऱ्यात खरी तयारी दिसते.

वखारभाग:
बीटचं पटलं. रेगेखाली 'इअरफोन लावा' एवढं लिहीन आणि रॅपला दुसऱ्या कडव्याची वेळही देईन. पण यादी दहाची राहणार. तीन गाण्यांत आपल्या जिल्ह्यातल्या पोरांचा नंबर कधी लागायचा?