९११ चे ध्वनिमुद्रण ज्यूरीला ऐकवावे का?

मूळ मत:
अमेरिकेचे नागरिकत्व घेतल्यानंतर मला प्रथमच ज्यूरीचे बोलावणे आले आणि घरगुती मारहाणीच्या खटल्यात बारा जणांत माझी निवड झाली. दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांनी ९११ या तातडीच्या मदतीच्या क्रमांकावर आलेल्या कॉलचे ध्वनिमुद्रण ऐकवले. बाई धापा टाकत पत्ता सांगत होत्या, ऑपरेटर तोच प्रश्न शांतपणे पुन्हा विचारत होती आणि मागे मायक्रोवेव्ह टीं-टीं करत राहिला होता, कारण आतले अन्न कुणी काढलेच नव्हते. त्यानंतरची बचावाची साक्ष माझ्या कानांवर पडली, पण मनापर्यंत पोचली नाही. त्या बाईंची भीती खरीच होती. मात्र ‘तो’ म्हणजे कोण, हे त्या आवाजात कुठेच नव्हते. म्हणून ज्यूरीला केवळ लेखी प्रत द्यावी, असे माझे मत आहे.

प्रतिसाद १:
मी पूर्णपणे असहमत आहे. अशा खटल्यांत फिर्यादी बाई धाकामुळे किंवा पोटापाण्याच्या विवंचनेमुळे पुष्कळदा न्यायालयात येतच नाहीत. डेव्हिस विरुद्ध वॉशिंग्टन खटल्यात हेच घडले होते. धोका चालू असताना मदतीसाठी काढलेले उद्गार म्हणजे साक्ष नव्हे, म्हणून बोलणारी व्यक्ती उलटतपासणीला हजर नसली तरी ते पुराव्यात घेता येतात, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ठरवले. धाप, हुंदका आणि मधली शांतता कागदावर उतरत नाही, आणि नेमका तोच भाग काढून घ्या असे आपण म्हणता आहात.

प्रतिसाद २:
मला मूळ मत पटते. भावनेच्या भरात ज्यूरी कुठे वाहवत जाते, हे मुंबईने १९५९ मध्ये नानावटी खटल्यात पाहिले आहे. पत्नीच्या प्रियकराच्या खुनाचा आरोप असलेल्या नौदल अधिकारी नानावटींना ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी निर्दोष ठरवले, सत्र न्यायाधीशांना ते न पटल्याने प्रकरण उच्च न्यायालयाकडे गेले, तिथे शिक्षा झाली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली.

प्रतिसाद १:
त्या वेळी वातावरण तापवले ते वृत्तपत्रांनी, म्हणजे न्यायालयाबाहेरच्या मजकुराने. ध्वनिमुद्रण हा न्यायालयात दाखल झालेला पुरावा असतो. तो मन कलुषितच अधिक करील असे वाटल्यास न्यायाधीश तो वगळू शकतात.

मूळ लेखक:
आपला मुद्दा मला अंशतः मान्य आहे. विचारविनिमय करताना आम्ही ते ध्वनिमुद्रण पुन्हा ऐकण्याची विनंती केली. दुसऱ्या खेपेस ध्यानात आले, की मध्येच बाई “गेला तो” म्हणतात आणि पुढचे प्रश्न मागच्या भांडणांविषयीचे आहेत. धोका टळल्यानंतरची उत्तरे साक्षीच्या स्वरूपाची ठरू शकतात आणि ती गाळता येतात, हेही त्याच २००६ च्या निकालात आहे. तेव्हा “गेला तो” इथपर्यंतचा आवाज अवश्य ऐकवावा. पुढचे मात्र, त्या बाई स्वतः येऊन सांगणार नसतील तर, ज्यूरीच्या कानी पडू नये.