म्हणे, एनिग्मा फुटला आणि यू-बोटी संपल्या!

दर्यावर्दी : परवाच्या धाग्यात 'गणितवेडा' लिहितात, "दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश गणिती ट्युरिंगने जर्मनांचा संकेत फोडला, अटलांटिक तिथेच जिंकला." वाचून चहा नाकात गेला. अहो, फेब्रुवारी 1942 मध्ये जर्मनांनी अटलांटिकमधल्या यू-बोटींच्या, म्हणजे त्यांच्या पाणबुड्यांच्या, एनिग्मा या संकेतयंत्रात चौथं चक्र बसवलं आणि ब्लेचली पार्क, ब्रिटिशांचं संकेत फोडायचं केंद्र, डिसेंबरपर्यंत आंधळं झालं. वर दोस्तांच्याच जहाज-काफिल्यांचे संदेश जर्मन वाचत होते, तेही जून 1943 पर्यंत! तरी त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनांच्या चाळीसच्या वर पाणबुड्या गेल्या आणि त्यांच्या नौदलप्रमुख डोनिट्झने उत्तर अटलांटिकमधून बोटी मागे घेतल्या. कशामुळे? लांब पल्ल्याची लिबरेटर विमानं, नवं रडार. ती विमानं आधीच मिळाली असती, पण बॉम्बफेकवाल्यांनी उराशी धरून ठेवली.

गणितवेडा : आणि चौथं चक्र फुटलं कसं? ऑक्टोबर 1942, बुडत्या यू-559 पाणबुडीत शिरून दोघा ब्रिटिश नौसैनिकांनी संकेतांची पुस्तकं वर दिली, स्वतः तिच्याबरोबर तळाला गेले. ती पुस्तकं लिबरेटरने वाचली का?

दर्यावर्दी : वाचली ब्लेचलीने, बुडवलं विमानांनी. हेच तर म्हणतोय.

रत्नांग्रीकर : तुमची यंत्रं चालू द्या. जहाजं कोण चालवत होतं? ब्रिटिश व्यापारी जहाजांवर चारातला एक जण आपल्याकडचा. माझे पणजोबा डेकवर खलाशी. टॉरपीडो लागला, होडीत दिवस काढले, घरी आले. आजी सांगायची, त्यानंतर ते कधी आत निजले नाहीत. ओटीवर, कंदील पेटता ठेवून.

गणितवेडा : वाईट वाटलं. पण धागा संकेतांचा आहे. आणि पगारासाठीच गेले होते ना?

रत्नांग्रीकर : पगार? गोऱ्याच्या शेजारी उभं राहून तेच काम, पैसे त्याच्या एका तुकड्याइतके! 1939 साली युद्ध सुरू होताच खलाशांनी पगारवाढीसाठी संप केले, तर कित्येकांना तुरुंगात टाकलं. तुम्ही मात्र एसीत बसून चक्रं मोजा.

धोबीतलाव : गोंयकार स्टुअर्ड राहिलेच की! आमच्या कुडीतल्या, म्हणजे मुंबईतल्या गोंयकारांच्या वसतिगृहातल्या, म्हाताऱ्यांकडून ऐकलंय, जहाज बुडालं की पेटी गेली, पेटीत वर्षाची कमाई.

दर्यावर्दी : 'सिटी ऑफ बनारस' हे ब्रिटिश प्रवासी जहाज, सप्टेंबर 1940 मध्ये यू-बोटीने बुडवलं. एका होडीत 46 जण आठ दिवस. गोष्ट सांगताना सहा मुलांची नावं येतात, बाकी बहुतेक हिंदी खलाशी, त्यांचा नुसता आकडा. रत्नांग्रीकर, इथे तुमचं बरोबर.

गणितवेडा : बरं, ट्युरिंगची सगळी पदकं तुमच्या पणजोबांना. खूश?

रत्नांग्रीकर : पदकं नकोत. मस्जिद बंदरला खलाशांच्या वसतिगृहात बुडालेल्यांचं स्मारक आहे. ब्लेचलीचे फोटो टाकता, तिथे गेलात कधी?

गणितवेडा : ...ऑफिस तिथून दोन स्टेशनांवर आहे. नाही गेलो.

धोबीतलाव : मीही नाही. रविवारी उघडं असतं का?